दोन कॅमेरे आणि मक्यातला बिबट्या

चिरंजीव गोरक्षनाथ यास,

पाटाच्या अलीकडून तुझ्या दाजींचे पोतंभर आशीर्वाद. तू, ज्योती आणि गोठ्यातली मंडळी खुशाल असाल याची मला खात्री आहे, कारण तुझ्या गोठ्यातल्या धुरीचा धूर मला गच्चीवरून रोज दिसतो. आम्हीही ठीक. छबूचा गुडघा ठीक, म्हैस ठीक, माझी छाती तेवढी कालपासून धडधडते आहे, आणि ती का धडधडते हे सांगण्यासाठीच हा कागद हाती घेतला. एका हाकेवर राहणाऱ्या मेव्हण्याला पत्र लिहायची पाळी आली याचं तुला नवल वाटेल. पण तू फोन उचलत नाहीस, आणि मी तुझ्या वस्तीवर पाय ठेवला तर परत घरात घेणार नाही असं तुझ्या आक्काने मला बजावलं आहे. (ती बजावते तेव्हा हातात उलथनं असतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.) म्हणून रामहरीच्या दुधाच्या टेम्पोतून धाडतो.

झालं ते तुला माहीतच आहे, पण माझ्या तोंडून एकदा ऐक. छबू तिन्हीसांजेला पाटाच्या कडेला म्हशीला घास कापायला गेली आणि विळा तिथंच टाकून पळत आली. "गोरखच्या मक्यात बिबट्या बसलाय," एवढंच म्हणाली आणि रांजणाला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी डेअरीवर तिने सगळ्यांना सांगितलं, पोरंबाळं तिकडं धाडू नका म्हणून. आणि तू, तिचा पाठचा भाऊ, भर डेअरीत म्हणालास, "आक्काला आता बोकाबी बिबट्या दिसाया लागलाय, दाजी, डोळ्याचं आप्रेशन करा हिच्या!" सगळे हसले. तूही मापाचा डबा खाली ठेवून हसलास. तेव्हापासून छबू किटली घेऊन गेली की मागून कोणीतरी म्याव करतं. आता दूध घालायला मी जातो, ती जात नाही. ज्या बाईच्या शब्दावर आळीतल्या सुना बाजारात भाव ठरवायच्या, ती बाई उंबऱ्याबाहेर तोंड काढत नाही, हे मला बघवेना. म्हणून मी ठरवलं, बिबट्याचा फोटो काढायचा आणि डेअरीच्या भिंतीला लावायचा. (मोबाईलने काढून पाहिला होता. त्यात बिबट्या तिळाएवढा आला, आणि तो तीळ असण्याचीच शक्यता जास्त.)

कॅमेरा घ्यायला नगरला गेलो. पहिला धक्का दुकानातच. दुकानदाराने माझ्यापुढे दोन कॅमेरे मांडले आणि म्हणाला, एक मिररलेस, दुसरा कॉम्पॅक्ट सुपरझूम. मिररलेस म्हणजे ज्यात आरसा नाही तो. आजवर कोणाच्या कॅमेऱ्यात आरसा असतो हेच मला माहीत नव्हतं, त्यामुळे नसल्याचं दुःख करावं की आनंद, मला समजेना. वर हा नवशिक्यांसाठीचा म्हणे. या वयात मला कोणीतरी नवशिका म्हणालं, बरं वाटलं. मग मी विचारलं, याने पाटापलीकडचं दिसेल का? तर म्हणतो, त्याला मोठी लेन्स वेगळी घ्यावी लागेल. मी स्टुलावर बसलोच. अरे, मोटार घेतली की स्टार्टर वेगळा, केबल वेगळी, पेटी वेगळी, हे विहिरीपाशी सोसलं. पण डोळा वेगळा विकणारी जात मी पहिल्यांदाच पाहिली.

सुपरझूमचं तसं नाही. त्याचं नाक आतल्या आत गुंडाळलेलं असतं, बटण दाबलं की हत्तीच्या सोंडेसारखं बाहेर येतं आणि दुकानातून समोरच्या चहावाल्याच्या बोटातली अंगठी दाखवतं. मी म्हटलं, हाच द्या. तर दुकानदार प्रामाणिक निघाला (हा दुसरा धक्का). म्हणाला, बाबा, हा उजेडाचा गडी आहे, तिन्हीसांजेला आंधळा होतो. मी घरी येताना एसटीत त्यावर विचार केला आणि मला उमगलं ते असं: उजेड पावसासारखा पडतो. मिररलेसच्या पोटात परात ठेवलेली असते, सुपरझूमच्या पोटात वाटी. भर दुपारी वाटीही भरते. संध्याकाळी दोन थेंब पडणार, तेव्हा परात हवी. आता आपला बिबट्या संध्याकाळी येतो आणि लांब बसतो. म्हणजे एकाला लांबचं दिसत नाही, दुसऱ्याला संध्याकाळचं दिसत नाही. असली जोडी मी फक्त आपल्या सोसायटीच्या चेअरमन आणि सेक्रेटरीमध्ये पाहिली आहे.

बैल औताला लावून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, ही आपली रीत. म्हणून दोन्ही कॅमेरे मागून आणले. काकासाहेब राहुरीला विद्यापीठातून रिटायर झाल्यापासून मुळा धरणावर पाखरांचे फोटो काढत हिंडतात, त्यांच्याकडून सुपरझूम. लग्नाचे फोटो काढणारा आपला बिभीषण, त्याच्याकडून मिररलेस. (बिभीषणने जाताना तीनदा सांगितलं, लेन्सला बोट लावू नका. मी लावलं. लावू नका म्हटल्यावर बोट आपोआप जातं.)

परवा संध्याकाळी सुपरझूम घेऊन गच्चीवर बसलो. सोंड पूर्ण बाहेर काढली. आणि गोरक्षा, तुझ्या मक्याच्या कडेला, बाभळीखाली, बिबट्या! ठिपके, तोंड, कान, सगळं. फोटो रव्यासारखा भरभरीत आला, तरी बिबट्या तो बिबट्याच. बाकीचे सगळे फोटो घाईत आभाळाचे निघाले. तो एक फोटो मी डेअरीच्या ग्रुपवर टाकला आणि अर्ध्या तासात आमच्या ओट्यावर उभं राहायला जागा उरली नाही. सरपंच आले. पिंजऱ्याचं वनखात्याशी बोलतो म्हणाले. म्याव करणारे सगळे येऊन "आजी, आजी" करत चहा पिऊन गेले. छबूने नवं लुगडं नेसून चहा ओतला. मला म्हणाली, "बघा, मी सांगत व्हते का न्हाई." तिचं तोंड बघून मला वाटलं, आपल्या लग्नात हिचा असा फोटो काढायचा राहूनच गेला.

इथं मी थांबायला हवं होतं. पण परात अजून वापरायची राहिली होती. शिवाय डेअरीच्या भिंतीला रव्याचा बिबट्या लावण्यापेक्षा चांगला लावावा, असा हव्यास सुटला. म्हणून काल संध्याकाळी मिररलेस घेऊन पाटाच्या आपल्या कडेपर्यंत चालत गेलो (लेन्स आखूड, त्यामुळे पाय लांब करावे लागतात). बिबट्या तिथंच होता. हलला नाही. मी खोकलो. तरी हलला नाही. मी फोटो काढला, कॅमेऱ्याच्या पाठीवर पाहिला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता तू मला सांग. बिबट्याला हिरवा काठ असतो का?

हिरवा काठ, गोरक्षा! चारी बाजूंनी, जवळजवळ टाक्यांची शिलाई. तुझ्या स्लॅबच्या घराच्या वास्तुशांतीला छबूने दिलेलं मखमली ब्लँकेट. कडा उसवू नये म्हणून तिने स्वतःच्या लुगड्याचा काठ फाडून त्याला लावला होता. श्रीरामपूरच्या दुकानात दोन बिबट्यांचंही ब्लँकेट होतं, पण तिला एकट्याचंच आवडलं. म्हणाली, "ह्यो आपल्या गोरखवानी दिसतो, जेवून बसल्यावानी." ते ब्लँकेट तू रानडुकरांना भिववायला बाभळीला टांगलंस! मक्याभोवती साड्या आपण सगळेच बांधतो, त्या कमी पडल्या असतील. पण मग छबू भ्यायली तेव्हा तोंड उघडायचंस. तर तू ब्लँकेट लपवण्यापायी बहिणीला भर डेअरीत आंधळी ठरवलंस! मला इतका राग आला की मी पाटाकडेचं ओलं ढेकूळ उचलून त्या ब्लँकेटला मारलं. ते ब्लँकेटच्या खाली पडलं आणि मऊशार थप् असा आवाज आला. मी वर ओरडलोही, "हल की, वाघा!"

तेव्हा माझी पंचाईत समजून घे. एक कॅमेरा लांबून पाहतो आणि माझ्या बायकोची लाज राखतो. दुसरा जवळ जाऊन खरं बोलतो आणि तिला दोनदा मारतो, एकदा गावात आणि एकदा माहेरात. मी दुसरा फोटो कोणाला दाखवलेला नाही. तू एवढं कर. आज दिवस मावळायच्या वेळी, कोणी नसताना, एकटाच मक्यात जा आणि ते ब्लँकेट गुपचूप काढून घरात ने. बिबट्या गेला असं गाव म्हणेल. छबूचा शब्द राहील, तुझीही झाकली जाईल.

तुझा दाजी,
वैजनाथ

ता. क. वरचं शेवटचं खोडून टाक. मक्यात पाऊलसुद्धा ठेवू नकोस! आत्ताच बिभीषण कॅमेरा न्यायला आला. मी फोटो पुसायला निघालो होतो, तेवढ्यात त्याने हिसकावला आणि बटण दाबून मोठा केला. या परातीच्या कॅमेऱ्याचं हेच आहे, कितीही मोठा करा, फाटत नाही. ब्लँकेटवर बिबट्या एकच आहे ना रे? मग खाली सावलीत, ब्लँकेटच्या काठाला पाठ घासून बसलेला दुसरा कोण? त्याला हिरवा काठ नाही. मिशा आहेत. छबूने पाहिला तो कुठला, हे आता देवाला ठाऊक. मी काल ढेकूळ कोणाला मारलं, ते मात्र मला समजलं आहे. मध्ये पाटाला पाणी होतं म्हणून हे पत्र माझ्या हातचं आहे. बिभीषण लिंबू-पाणी पाजतो आहे. सरपंचांना फोटो धाडला, पिंजरा आजच येतो.

आणखी. हे लिहीत असताना छबू मागून आली आणि फोटो पाहिला. बिबट्या पाहून तिला काहीच वाटलं नाही, ती आधीपासून सांगतच होती. ती काठाकडे बघत राहिली. मी सारवासारव करायला गेलो तर म्हणाली, "त्या जनावराला माझ्या ब्लँकेटची ऊब कळली. माझ्या भावाला न्हाई कळली." मग बराच वेळ चूल फुंकत बसली. आणि आता म्हणते, "त्याला म्हणावं, गुरं आन् ज्योतीला घिऊन पिंजरा लागंस्तवर हितं ये. ब्लँकेट मेलं राहू दे." तुझ्या वाटणीचं पिठलं टाकलं आहे. येताना डेअरीवर थांब आणि जे बोलला होतास ते तितक्याच मोठ्याने उलटं बोल, एवढंच माझं मागणं. बाकी सगळं पत्र त्यासाठीच होतं असं समज.

शेवटचं. रामहरी बाहेर हॉर्न वाजवतो आहे. ताजा कलम दारातूनच आधी मोठ्याने वाचून दाखव, असं त्याला बजावलं आहे. कॅमेऱ्याचं माझं ठरलं. दुकानदार काही म्हणो, संध्याकाळी आंधळा असो की बहिरा असो, मी सुपरझूमच घेणार. ज्याला पाहायला जवळ जावं लागत नाही तो.