क्लारा ऑग्डनच्या धुरांड्यावर

हॅलिफॅक्स, मंगळवार, २० मे १९८०

थोरल्या विनिफ्रेडताईस धाकट्या एनॉकचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नॉर्मनभावजींचा खोकला गेला का? समुद्रावरच्या वाऱ्यात बसू नका म्हणावं. (ऐकणार नाहीत, पण मी सांगितलं होतं एवढं लक्षात ठेव.) माझी छाती बरी आहे, झोप मात्र उडाली आहे, आणि त्याला कारण आपली जॅनिस.

तुला माहीतच आहे, माझ्या या नातीने तीन टाळकी जमवून बँड काढला आहे. नाव 'ओलसर भिंत'. (लोक ओल काढायला माणूस बोलावतात, ही पोरं तिची पाटी लावतात.) त्यातला पोरगा गात नाही, भांडल्यासारखा एकेक शब्द तोडून बोलतो, आणि जॅनिस मागे चार तारांची गिटार बडवते. शेजाऱ्यांनी हाकललं म्हणून मीच माझ्या कबुतरांच्या ढाबळीत जागा दिली. मार्चमध्ये ती म्हणाली, "आजोबा, रोजच्यासारखं पाखरांना दाण्याला बोलवा, आम्ही टेप लावतो." मी दाण्याचा डबा खुळखुळवला, "ये गं राणी, ये ये" केलं आणि विसरून गेलो.

महिन्यापूर्वी त्यांची तबकडी निघाली. वेष्टनं आमच्याच स्वयंपाकघरात चिकटवली. टेबलक्लॉथ अजून हाताला चिकटतो. ऐकतो तर गाण्याला ताल माझ्या डब्याचा आणि मधूनमधून हाकही माझीच! मागे छापलंय, 'डबा : एनॉक'. आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून आलं, तेही डब्याशेजारी.

चार घरं सोडून राहणाऱ्या हॅरल्ड ऑग्डनने ती तबकडी विकत घेतली. त्याचीही कबुतरं आहेत. मला वाटलं, माणूस सुधारला. शनिवारी शर्यत होती. दक्षिणेत सोडलेल्या पाखरांमध्ये माझी निळी क्लारा सगळ्यांच्या आधी आभाळात दिसली. ती माझ्या ढाबळीवर उतरायची, तिच्या पायातली रबरी कडी काढून शर्यतीची वेळ नोंदवणाऱ्या घड्याळात टाकायची, की करंडक माझा. (बावीस वर्षं वाट पाहतोय, ताई.) इतक्यात ऑग्डनच्या खिडकीतून माझाच आवाज आला, "ये गं राणी, ये ये!" मी इकडे जिवंत उभा राहून डबा हलवतोय, आणि क्लारा जाऊन बसली त्या चोराच्या धुरांड्यावर! एकोणीस मिनिटं! तेवढ्यात त्याचं पाखरू आलंसुद्धा. कुंपणावरून ओरडलो तर म्हणतो, "अरे एनॉक, तुझ्याच नातीचं गाणं ऐकतोय. कौतुक करायचं सोडून भुंकतोस काय?" क्लबचे चिटणीस म्हणाले, "नियमांत शिट्टी आहे, डबा आहे, ग्रामोफोनबद्दल एक अक्षर नाही." करंडक ऑग्डनच्या कपाटात गेला. जॅनिसला हसू आवरेना. "आजोबा, आमचं गाणं शेवटपर्यंत ऐकणारी पहिलीच बाई तुमची क्लारा!"

तेव्हा मी कबुतरं विकून टाकायचं ठरवलं आहे. असल्या लबाडीच्या खेळात सरळ माणसाचं काम नाही.

तुझा,
एनॉक

ता. क. – भावजींचा नाचाच्या हॉलमधला मोठा ग्रामोफोन अजून चालतो ना? भोंग्यासकट शुक्रवारच्या आत रेल्वेने पाठव.

ता. ता. क. – आवाज कुठवर जातो ते बघायला ऑग्डन महिनाभर ती तबकडी आपल्या पाखरांना दाणे टाकतानाच वाजवत होता. काल जॅनिसने आमच्या परसात सहज लावली, तर त्याची तीन पाखरं माझ्या ढाबळीत उतरली. या शनिवारी पुढची शर्यत आहे.

ता. ता. ता. क. – वर ऑग्डनला चोर लिहिलं आहे. तेवढा शब्द खोडून वाच.