काळ्या दोऱ्याची बाटली

मास्तर, अक्षर नातीचं आहे, बोलणं माझं. शिकावं म्हणून तुम्ही मला पाटी आणून दिली होती, तिच्यावर मी जन्मभर वाती वळल्या. त्यावरून रागवायचं तर आताच रागवून घ्या. खरं रागवण्याजोगं पुढे आहे.

लढाईचे दिवस होते. नगरच्या त्या शाळेत मी तुमच्या प्रयोगाच्या खोलीतली काचेची भांडी धुवायची. आम्लाची बाटली आणि कॉस्टिक सोड्याची बाटली, दोन्ही दिसायला पाण्यासारख्या. कागदाच्या चिठ्ठ्या माझ्या ओल्या हातांत टिकायच्या नाहीत, आणि टिकल्या तरी मला काय वाचता येणार? म्हणून तुम्ही आम्लाच्या बाटलीच्या गळ्यात काळा दोरा बांधलात. ‘‘हिला कुणाची दृष्ट नको लागायला, बाई,’’ म्हणून स्वतःच हसलात. मग माझ्या पोरीला, म्हणजे ह्या नातीच्या आईला, ताप चढला. घरात दोरा नव्हता, मी बाटलीचाच सोडून तिच्या पायात बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा आणून बाटलीला बांधला. कुठल्या बाटलीला, ते मनाला विचारलं, आणि मन तर पोरीपाशी होतं.

त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले. तुमची नोकरी कायम होणं त्यांच्याच हातात. मी फडकं घेऊन दारात उभी. तुम्ही फळ्यावर लिहिताय: आम्ल आणि सोडा मिळून मीठ आणि पाणी. मग एकेकाची फोड करून दाखवताय. ‘‘हे सोडियम, हे क्लोराइड. मांडवात आले तसेच मांडवाबाहेर. पाहुणे! खोडा त्यांना.’’ खडूच्या दोन रेघा इकडे, दोन तिकडे. उरलं ते नात असं लिहिते: H⁺ + OH⁻ → H₂O. मला आपलं एवढंच कळलं, की दोन जहाल जिन्नस भेटले आणि त्यांचं पाणी झालं.

मग काळ्या दोऱ्याच्या बाटलीतलं तुम्ही भांड्यात ओतलंत, वर सोड्यात गुलाबी होणाऱ्या त्या औषधाचे दोन थेंब टाकलेत. ‘‘आम्लात रंग येणार नाही,’’ म्हणता म्हणता भांडं गुलाबी झालं. ‘‘वा मास्तर! गणित बरोबर, आम्लच चूक!’’ साहेब म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. ‘‘चूक माझी, साहेब. मी तपासायला हवं होतं.’’

नोकरी कायम झाली नाही. महिन्याभरात तुम्ही पाथर्डीकडे गेलात, आणि तिकडेच वारलात. निघताना माझ्या हातावर काळ्या दोऱ्याचं रीळ ठेवलंत. ‘‘पोरगी कशी हाय?’’ माझीच बोली बोलून मला चिडवायची तुमची खोड. ‘‘बरी हाय,’’ म्हटलं. एवढंच म्हटलं.

नात म्हणते, ‘‘आजी, चुकून झालं गं, सोड की आता.’’ तिला वाटतं मीही त्या फळ्यावरची पाहुणीच, खोडली की संपलं. पाकीट आणू का विचारते. नको, रिळाच्या डबीत ठेव म्हटलं. आणि थांब, एवढं लिही. साहेब यायच्या आधी मी बाटल्या पुसल्या होत्या, मास्तर. काळ्या दोऱ्याची पुसताना बोटं बुळबुळीत झाली. सोड्यानेच होतात तशी. जन्म धुण्यात गेलेल्या बाईला हे वाचता येतं. गाठ सोडायला घेतली, तर व्हरांड्यात साहेबांचे बूट वाजले. बाटल्यांशी खेळताना दिसले तर काम जाईल, म्हणून हात पदराला पुसला आणि दारात जाऊन उभी राहिले.