घरावरचं नाव

सलील,

रीमॉर्गेजच्या, म्हणजे घर पुन्हा गहाण टाकायच्या कागदांवर बायको म्हणून संमतीची सही मी केलेली नाही. ते या चिठ्ठीखालीच आहेत. मित्राच्या ओळखीने तू नेमलेला डब्लिनचा सॉलिसिटर, तो वकील, फोनवर मला म्हणाला, "वाचायची गरज नाही, जस्ट साइन, इट्स ग्रँड, सगळं ठीक आहे." म्हणून काल हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून मी परस्पर इथल्या, मलिंगारच्या एका सॉलिसिटर बाईंकडे गेले. त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "घरावर तुमचं नाव का नाही?"

 सहा वर्षं तू "आपलं घर" म्हणत होतास आणि मी ते खरं मानलं.

आपल्या लेकीला, शर्वाणीला घेऊन मी माझ्या मैत्रिणीकडे, प्रभाकडे राहायला जातेय. उद्या अकराला त्या बाईंच्या ऑफिसात ये. तुझा सॉलिसिटर तू निवडलास, माझी मी निवडली आहे.

क्षितिजा