इजा : नाही

हार्लो क्रीक, केंटकी
१४ ऑक्टोबर १९९६

ति. मॅक्सीनमावशीस,
डार्लाचा सा. न. वि. वि.

नॉक्सव्हिलच्या नव्या जागेत लिफ्ट आहे हे वाचून बरं वाटलं. वेंडेल म्हणतो, जिने असते तर मावशी त्यांनाच शिस्त लावत बसली असती. तो बरा आहे. खाणीत आठवड्याला चारच पाळ्या आहेत, पण आहेत.

आता शाळेचं. शिक्षण मंडळाने यंदाही आपला अर्ज फेटाळला. चीअरलीडिंग हा खेळ नाही, खेळाला पूरक उपक्रम आहे म्हणे. अध्यक्ष एस्टेप मला समजावून सांगत होते की, बाई, खेळात कुणालातरी हरावं लागतं. मी म्हटलं, आम्ही गेल्या वर्षी राज्यात अठरा संघ हरवले. त्यावर त्यांनी माझ्या स्वेटरचं कौतुक केलं.

खेळ नाही म्हणून व्यायामशाळा नाही. साडेतीननंतर ती बास्केटबॉलच्या मुलांची. आम्ही कँटीनमध्ये टेबलं सरकवून सराव करतो, तू घेतलेल्या त्याच निळ्या गाद्यांवर. दुखापती बघणारा ट्रेनरही फक्त फुटबॉलसाठी. आमच्या मुलींचे घोटे मीच बांधते.

पण एक गोड बातमी आहे. आमची शॉना यंदा मनोऱ्याच्या सर्वांत वरच्या थरावर उभी राहते. तुझी ही नात सोळा वर्षांची झाली तरी वजन जेमतेम शंभर पौंड. वर गेली की असं हसते की मागच्या रांगेतली म्हातारी माणसंसुद्धा उभी राहतात. फेब्रुवारीत फ्लोरिडाला राष्ट्रीय स्पर्धा आहे. यंदा आपण जाणारच.

तब्येत सांभाळ, आणि माझ्यावरचा राग असेल तेवढा तिकडेच ठेवून पत्र लिही.

तुझी,
डार्ला

*

नॉक्सव्हिल
२१ ऑक्टोबर १९९६

चि. डार्लास अनेक आशीर्वाद.

राग नाही. राग यायला माणसाला काहीतरी नवीन करावं लागतं.

एस्टेप माझ्या इतिहासाच्या वर्गात होता. नापास होणार होता, मी काठावर सोडला. चूक झाली.

त्याच्या बोलण्याने खट्टू होऊ नकोस. मी १९४४ साली कॉलेजात गेले तेव्हा मैदानावर भोंगा घेऊन ओरडणं हे पुरुषांचं काम होतं, चांगल्या घरच्या, उंच, पुढे वकील होणाऱ्या मुलांचं. ती मुलं लढाईवर गेली म्हणून भोंगा आमच्या हाती आला. परत आली तेव्हा त्यांना तो परत हवा होता. आम्ही दिला नाही. मग हळूच ठरलं की हे काम तसं फारसं महत्त्वाचं नाहीच. आधी पुरुषांचा मान होता, बायकांकडे आला आणि पोरखेळ झाला. यात एस्टेपची अक्कल कुठेच नाही, तो नुसता वारसदार आहे.

आता माझं ऐक. कँटीनची फरशी म्हणजे खाली काँक्रीट. त्या गाद्या मी १९७४ साली घेतल्या, त्यांचा आतला कापूस केव्हाच मेला आहे. नव्या गाद्या येईपर्यंत तिसरा थर लावू नकोस.

आणि मुलींच्या डोक्यावरच्या त्या रिबिनी आवर. फोटो पाहिला. प्रत्येकीच्या डोक्यावर कोबीचा गड्डा ठेवल्यासारखा दिसतो.

वेंडेलला आशीर्वाद, शॉनाला एक पापा.

मॅक्सीनमावशी

*

हार्लो क्रीक
९ डिसेंबर १९९६

ति. मावशीस सा. न.

आपण विभागात पहिले आलो! फ्लोरिडाला जायचं नक्की झालं. किराणा दुकानाच्या पाटीवर मांसाचे भाव काढून आपल्या संघाचं नाव लावलं आहे.

मागच्या मंगळवारी थोडं झालं. कळवते, कारण वेंडेल म्हणाला की तू नाही लिहिलंस तर मी लिहीन. सरावात शॉना वरून सरकली. खालच्या मुलींनी खांदे धरले, पण डोकं गादीच्या कडेबाहेर फरशीवर आपटलं. मावशी, एका क्षणात ती उठली. हात वर, हसू तस्संच, आणि पुढच्या ठेक्यावर बरोबर पाऊल. रचना शेवटपर्यंत पूर्ण केली. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

वेंडेल डॉक्टरकडे नेऊ म्हणत होता. तीच नको म्हणाली. फुटबॉलवाल्यांना हेच हवं आहे, आम्ही काचेच्या बाहुल्या आहोत असं म्हणायला. दोन दिवस डोकं दुखलं. शनिवारी दिवसभर झोपली. काल घेवड्याच्या सूपमध्ये मिठाऐवजी साखर घातली आणि आम्ही सगळे खूप हसलो.

मंडळाचा सहामाही फॉर्म भरून दिला. दुखापतीच्या रकान्यात तू शिकवलंस तसंच लिहिलं, नाही म्हणून. काळजी करू नकोस. नाताळला येतेस ना? तुझ्यासाठी सफरचंदाचा थरांचा केक करणार आहे.

डार्ला

*

नॉक्सव्हिल
१३ डिसेंबर १९९६

चि. डार्लास,

हे पत्र पोचताच तिला डॉक्टरकडे ने. बाकीचं नंतर वाच.

नेलंस? मग आता वाच. ती हसत उठली याचा अर्थ काहीही नाही. ते हसू तिचं नाही, माझं आहे. मी तुला शिकवलं, तू तिला. पडलात तरी चेहरा पडू देऊ नका, एकतीस वर्षं हे वाक्य मी रोज म्हटलं. सवय झालेलं शरीर डोक्याला न विचारता हसतं.

१९७१ साली व्हर्लीन नावाची माझ्या संघातली मुलगी अशीच पडली आणि अशीच उठली. मी दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेसमोर तिचं कौतुक केलं. वसंतापर्यंत तिला गुणाकार येईनासा झाला. लोक म्हणाले, मुलगी प्रेमात पडली असेल. मीही तेच म्हटलं. आज ती आईजवळ राहते, आणि मी दिसले की गोड हसते. माझं नाव तिला आठवत नाही.

तो फॉर्म. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका मुलीचं मनगट मोडलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं. मंडळाने ताबडतोब मनोरे बंद केले, मुलींच्या जातीला शोभत नाही म्हणून. दोन वर्षं आम्ही नुसते हात हलवत उभ्या होतो. मनोरे परत मिळाल्यावर मी ठरवलं की आता रकान्यात एकच शब्द जाईल. व्हर्लीनच्या वर्षीही तोच गेला.

शॉना वसंतापर्यंत वर चढणार नाही. नाताळला माझं येणं होणार नाही, कंबर साथ देत नाही.

मॅक्सीनमावशी

*

हार्लो क्रीक
१९ जानेवारी १९९७

ति. मावशीस सा. न.

तुझ्या पत्रानंतर नेलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, काही आठवडे. किती ते मी विचारलं, तर म्हणाले, बरं वाटेपर्यंत. नाताळभर झोपून होती. आता म्हणते की बरं वाटतं.

तिच्या जागी मिंडीला चढवून पाहिलं. उंच आहे, खालच्या मुलींचे गुडघे लटपटतात. शॉना टेबलावर बसून सगळं बघते आणि रडत नाही, हेच जास्त लागतं.

तू म्हणशील, फुटबॉलच्या ट्रेनरला दाखव, तो रोज असली डोकी बघतो. तेही केलं. एस्टेपना जाऊन भेटले, माणूस अर्ध्या तासासाठी द्या म्हटलं. त्यांनी कपाट उघडलं आणि आपले छत्तीस वर्षांचे फॉर्म टेबलावर ठेवले. तुझे आणि माझे. शांतपणे म्हणाले, माझ्या पोरांची या मोसमात अकरा हाडं मोडली. तुमच्याकडे छत्तीस वर्षांत एक खरचटलेलं नाही. माझा एकुलता एक माणूस मी कुठे पाठवू, तुम्हीच सांगा.

काय सांगणार होते? की माझी मावशी खोटं लिहीत होती आणि मीही? मग ते फ्लोरिडा बंद करतील आणि मनोरेही. आणि वर्तमानपत्रात येईल की बघा, पोरीबाळींचा नाच, वर खोटारडेपणा.

शॉना सोमवारपासून वर जाते आहे. सगळ्या तयारीनिशी. मला तुझा एक शब्द हवा आहे, जाऊ दे म्हणून. तू म्हणालीस की मला झोप लागेल.

डार्ला

*

नॉक्सव्हिल
२४ जानेवारी १९९७

चि. डार्लास,

तो शब्द मी देणार नाही.

एस्टेपला सगळं खरं लिहायला बसले होते. दोन पानं लिहिली. मग तुझ्या बारा मुलींचे चेहरे डोळ्यांसमोर आले, किराणा दुकानाची पाटी आली, आणि १९५८ साली नुसते हात हलवणाऱ्या माझ्या मुली आल्या. पत्र फाडलं. हे तुला कळायला हवं, म्हणजे मी फार शहाणी आहे असं समजून तू माझ्यावर रागावणार नाहीस.

तुझ्या जागी मी असते तर तिला वर पाठवलं असतं. म्हणूनच सांगते, पाठवू नकोस.

मॅक्सीनमावशी

*

ऑर्लँडो, फ्लोरिडा
१७ फेब्रुवारी १९९७

ति. मावशी,

आपण जिंकलो. देशात पहिले. एकही गुण कापला गेला नाही, अशी रचना आजवर माझ्या हातून झाली नव्हती.

हे मी रुग्णालयातून लिहिते आहे. स्पर्धेआधीच्या सरावात खालच्या मुलीचं कोपर शॉनाच्या कानशिलाला लागलं. हलकंच. मी पाहिलं. मी तिच्याकडे बघितलं आणि ती हसली. म्हणून मी, जा वर, अशी मान हलवली.

अडीच मिनिटं ती वर-खाली, वर-खाली, घड्याळाच्या काट्यासारखी अचूक. शेवटी वरून खालच्या मुलींच्या हातांच्या पाळण्यात झेपावली तेव्हा सगळं सभागृह उभं होतं. बसमध्ये बसल्यावर तिने विचारलं, आपली पाळी कधी आहे. मी म्हटलं, झाली बाळा, जिंकलो. ती म्हणाली, छान. थोड्या वेळाने परत विचारलं, आपली पाळी कधी आहे. गळ्यात पदक होतं. पाच वेळा विचारलं. सहाव्यांदा विचारताना ओकली आणि मग उठलीच नाही.

मेंदूला सूज आहे. इथले डॉक्टर विचारतात, पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा कुणी लागू दिला. वेंडेल विमानाने आला. माझ्याशी बोलत नाही. तिच्या पायाशी बसून असतो.

तू लिहिलं होतंस. मी तुझं ते पत्र पर्समध्ये घेऊन आले होते.

डार्ला

*

नॉक्सव्हिल
३ मार्च १९९७

चि. डार्लास आशीर्वाद.

शॉना शुद्धीवर आली, खाते, तुम्हांला ओळखते, हे वेंडेलच्या फोनवरून कळलं. मी देवाचे आभार मानले, आणि मग ते मानायचा मला हक्क आहे का याचा विचार करत बसले.

तू लिहितेस की तू पाहिलंस आणि मान हलवलीस. हलवलीस, हे मी पुसून टाकणार नाही. पण तिच्या चेहऱ्यावर तू जे वाचत होतीस ती भाषा मी शिकवली होती.

काल मी मंडळाला पत्र पाठवलं. या वेळी फाडलं नाही. आठवल्या तेवढ्या सगळ्या मुली लिहिल्या. मनगटं, गळ्याची हाडं, दात, एक मणका, आणि व्हर्लीन. सेहेचाळीस नावं झाली. काहींची लग्नानंतरची नावं मला माहीत नाहीत, त्यांची माहेरची दिली. खाली लिहिलं की फॉर्मवरचा शब्द खोटा होता आणि तो मी घातला, डार्लाने माझं पाहून चालवला. हेही लिहिलं की हा खेळ आहे. ज्यात एवढी हाडं मोडतात त्याला दुसरं काय म्हणायचं ते मंडळाने ठरवावं.

यामुळे तुझं पद जाईल. गावही मला शिव्या देईल. दोन्ही मला माहीत होतं.

मॅक्सीनमावशी

*

हार्लो क्रीक
२ एप्रिल १९९७

ति. मॅक्सीन आजीस,
शॉनाचा नमस्कार.

मला एका वेळी चारच ओळी लिहिता येतात. हे पत्र तीन दिवसांत लिहिलं आहे. अक्षराला हसू नकोस.

आई म्हणते की तुझ्या पत्रामुळे मनोरे बंद झाले. ट्रेनर काही मिळाला नाही. आता आमच्या मुली नुसत्या टाळ्या वाजवतात. मिंडी माझ्याशी बोलत नाही. आई मुलांच्या दवाखान्यात फोन घ्यायला जाते. बाबा तिच्याशी बोलायला लागले, पण हळूहळू.

सगळे म्हणतात की मी फ्लोरिडाला जिंकले. मी व्हिडिओ पाहिला. ती मुलगी माझ्यासारखी दिसते आणि खूप हसते. पण मला नोव्हेंबरनंतरचं काहीच आठवत नाही. समुद्रसुद्धा पाहिला म्हणे आम्ही.

आजी, तुला इतक्या वर्षांचं सगळं माहीत आहे. वर उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मला लिहून पाठव ना. एवढं तरी मला हवं आहे.

तुझी,
शॉना

*

नॉक्सव्हिल
९ एप्रिल १९९७

चि. शॉनास अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वाचता येतं. माझ्या वर्गात याहून वाईट अक्षराची मुलं पुढे न्यायाधीश झाली.

तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी कधी वर गेले नाही. माझी हाडं रुंद, म्हणून कॉलेजात चारही वर्षं मी सगळ्यात खाली होते. वरून काय दिसतं ते मी तुला सांगितलं तर ते बनवलेलं असेल, आणि मी बनवून लिहायचं सोडलं आहे.

खालून कसं असतं ते सांगते. खालून वरच्या मुलीचा चेहरा दिसत नाही. टाच दिसते, आणि तळहातात तिचं पाऊल असतं. ती घाबरली की पावलाचा अंगठा आत वळतो. थकली की पोटरीत बारीक थरथर येते आणि ती आपल्या मनगटापर्यंत पोचते. समोर बसलेल्या हजार माणसांना ती हसताना दिसते, पण खरं काय ते खालच्या दोघींनाच ठाऊक असतं. मला ते सगळं कळायचं. मग मी शिक्षिका झाले, समोर जाऊन उभी राहिले आणि इतरांसारखी चेहरा बघू लागले.

मनोरे बंद झाले याचं मला वाईट वाटतं. तुझ्या मैत्रिणींना सांग, म्हातारीला शिव्या द्यायच्या तर पत्ता वर दिला आहे. आईवर राग धरू नकोस म्हणून मी सांगणार नाही. धरावासा वाटला तर धर, पण तिला सांगून धर.

मे महिन्यात कंबर ऐकेल तशी बसने येते. मला केक नको, कुणी उभं राहायला नको. तुझ्याशेजारी बसायला एक खुर्ची ठेव.

तोवर दर आठवड्याला मला पत्र पाठव. चार ओळी जमल्या नाहीत तर दोन. बरी आहे असं लिहू नकोस. कुठे दुखतं ते लिही.

तुझी,
मॅक्सीन आजी