आद्यबिंदू

४ जानेवारी १९६३, अकोला
संकल्प. वंशावळ्या पोथ्यांत पुष्कळ वाचल्या. आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत लावायच्या. बोकड, कोंबडी, मासा, सरडा. प्रत्येकाची प्रथिने कागदावर उतरवून कोण कोणाचा भाऊबंद ते ठरवणे. थेंब टाकायला जठारपेठेतल्या घड्याळवाल्याकडून ऑटोमॅटिक यंत्र करून घेतले. मानवी हस्तस्पर्श नाही. मुलेही तयार होतील.

१९ जानेवारी
कागदांवर औषध फवारले, ऊब दिली, जांभळे ठिपके उमटले. चौघांचे निरनिराळे. पण उजव्या कोपऱ्यात एक लांबट ठिपका चौघांतही! समान पूर्वज. नामकरण केले : आद्यबिंदू.
खानावळीच्या मैनाबाई म्हणाल्या, ‘‘बोटं काहून जांभळे झाले?’’ म्हटले, संशोधन. म्हणाल्या, मग वाढून घ्यायला चमचा वापरा.

२ फेब्रुवारी
तुरीच्या डाळीतही आद्यबिंदू! बी.एस्सी.चा देवमन, बाळापूरचा, हुशार पण शंकेखोर. म्हणे, ‘‘सर, कागद चिमट्यानं धरून पाहू काय?’’ म्हटले, चिमटा भित्र्यांसाठी.

२० फेब्रुवारी
आज नुसते पाणी टाकले. ठिपका आला. अंगावर काटा. डोळे मिटले तरी तोच समोर. दुपारी उलगडा झाला : बिंदू सृष्टीच्याही आधीचा असणार.

८ मार्च
देवमनच्या बॅचने चिमटे वापरले. बाराही कागदांवर बिंदू नाही! ठणकावून सांगितले, परीक्षेत ज्याला तो दिसणार नाही त्याला माझी शिफारस मिळणार नाही. देवमनला डेमॉन्स्ट्रेटरची जागा हवी आहे. चिमटा खाली ठेवला. हल्ली वर्गात कोणी हसत नाही. शिस्त लागली.

२ एप्रिल
प्रॅक्टिकल. बाराही कागदांवर बिंदू! भरून आले. बाहेरगावच्या परीक्षकांना माझे कागदही दाखवले. त्यांनी भिंग काढले. मग मला एका कोऱ्या कागदाचा कोपरा धरायला लावला आणि त्यावर औषध फवारून ऊब दिली.
माझा अंगठा. रेषांसकट.
म्हणाले, हे औषध घामालाही रंगवते. मग मुलांचे कागद पुढे सरकवले. बारा कागद, बारा निराळे अंगठे.

३ एप्रिल
बॅच नापास. बनावट निष्कर्ष, असा शेरा. सरांनी सांगितले होते, असे एकही मुलगा बोलला नाही. मीही नाही.
देवमन जिन्यात भेटला. म्हणाला, ‘‘सर, माया बापानं जनमभर अंगठाच देल्ला. घरात पयला सही करनारा मी. तुमी मांगतला, म्हनून मीनंबी देल्ला.’’
‘देल्ला’ नव्हे, ‘दिला’, असे ओठांवर आले होते. म्हणवले नाही.