डंपर मागे घेण्याआधी

बाबा, मला डंपरचं लायसन मिळालं. दुसऱ्या खेपेला मिळालं, आणि पहिल्या खेपेला मी नापास झाले ती तुझ्यामुळे, हे आधी सांगून टाकते. आई म्हणते, गेलेल्या माणसाला बोल लावू नये. पण तू गेलास तेव्हा मी नववीत होते, आता पस्तिशी ओलांडली. एवढ्या वर्षांत तुझ्यावर चिडायला ही पहिलीच धड संधी मिळाली, ती मी कशाला सोडू?

सहा वर्षं मी नेरळहून टेंपो चालवला. पोशीरपासून कर्जतपर्यंत वाण्याचं एकही दुकान नसेल जिथे मी गोणी उतरवल्या नाहीत. मग खालापूरकडे डोंगर कापून रस्ता करायचं काम निघालं आणि तिथल्या सुपरवायझरनं मला डंपरवर याल का म्हणून विचारलं. खोपोलीला एका मास्तरांकडे जड गाडी शिकणं तेव्हा चालूच होतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं. तो म्हणाला, "गाडी तुमचीच, पण महिनाअखेर लायसन दाखवा. नायतर मी दुसरा माणूस बसवतो." मी टेंपो त्याच दिवशी मालकाच्या दारात नेऊन लावला. आई कपाळाला हात लावून बसली. तिचं म्हणणं होतं की हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची खोड माझ्यात तुझ्याकडून आली. लायसन हुकलं असतं तर टेंपोही गेला होता आणि डंपरही गेला असता, हे मला कळत होतं. तरी मी हुकणार नाही याची मला खात्री होती.

परीक्षेच्या मैदानावर मी एकटीच बाई. रांगेतले पुरुष मोबाइल खिशात ठेवून बघायला लागले, म्हणजे काय ते समज. चढावर गाडी थांबवून परत उचलायची होती. मी उचलली, तसूभरही मागे घसरली नाही. आता राहिलं होतं फक्त खांबांच्या दोन रांगांमधून मागे घेणं. मी थांबते, हँडब्रेक ओढते, आणि काही विचार करायच्या आत दार उघडून खाली उतरते. मागे जाऊन चाकांच्या पलीकडे वाकून बघते, परत चढते आणि गाडी अशी मागे घेते की एका खांबाला धक्का नाही. खाली आले तर परीक्षा घेणारे साहेब हातात कागद घेऊन उभे. "काय बाई, काय सांडलं होतं का खाली?" सगळं मैदान हसलं. मधे उतरलं की नापास, आठवड्यानं परत या, असं त्यांनी सरळ सांगितलं. मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "परीक्षेत नाय उतरायचं गं! आरसा कशाला दिलाय?" आणि माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं, "आरशात सगळं दिसत नाय."

तू खदाणीवर डंपर चालवायचास, तिथे तुला या वाक्यावरून किती छळायचे. मागचा गिअर टाकायच्या आधी तू प्रत्येक वेळी उतरायचास, पाठीमागे एक फेरी मारायचास, मग चढायचास. दिवसातून वीसदा असो की तीसदा. बाकीचे ड्रायव्हर चहाच्या टपरीवरून ओरडायचे, "आला का रं प्रदक्षिणा घालून? देव पावला का?" तू हसायचास आणि बिडी पेटवायचास. मला मात्र त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडी तुझीही लाज वाटायची. सगळ्यांचे बाप एका दमात गाडी मागे घेतात, माझाच बाप असा का, असं वाटायचं.

आठवड्यानं परत गेले. रात्रंदिवस एकच घोकत होते, उतरायचं नाही, उतरायचं नाही. पण गाडीपाशी पोचले आणि एकदम सुचलं. मधे उतरू नका असं साहेब म्हणाले होते. चढायच्या आधी फिरू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. मी सावकाश गाडीभोवती फिरले, दोन्ही रांगांमधून शेवटपर्यंत चालत गेले, चाकांमागे वाकून बघितलं. साहेब म्हणाले, "झाली का पूजा?" मी म्हटलं, "झाली साहेब." मग चढले आणि एका दमात गाडी मागे घेतली. साहेबांनी नुसती मान हलवली आणि कागदावर सही केली. मास्तरांनी पेढे माझ्याच पैशांनी आणवले आणि स्वतःच्या हातानं वाटले, जणू तेच पास झाले होते.

आता कामावर तीन महिने झाले. हौदा भरून मुरूम वर न्यायचा, ओतायचा, रिकामं खाली यायचं. प्रत्येक वेळी मागे घेताना मी उतरते. इथलेही बोलतात, पण मी तुझ्यासारखी नुसती हसत नाही, उलट ऐकवते. त्यामुळे आता जरा जपून बोलतात. गाडी मी वळवते तशी त्यांच्यातल्या कुणाला वळवता येत नाही, हेही त्यांनी बघितलंय. सुपरवायझरनं परवा विचारलं, डंपर चालवणारी आणखी एखादी बाई तुमच्या ओळखीत आहे का म्हणून.

आणि मागच्या मंगळवारी असं झालं. दुपारी जेवून मी गाडी चालू केली, हँडब्रेक तपासून उतरले आणि मागे गेले, तर चाकाच्या सावलीत कामावरची एक बाई पदर तोंडावर घेऊन झोपलेली. मी इतक्या जोरात ओरडले की वरच्या अंगाची माणसं कामं टाकून बघायला लागली. ती उठून बसली, घाबरली अजिबात नव्हती. म्हणाली, "तुमी उतरताव ना बाय. म्हनून तर तुमच्याच गाडीमागं निजते. बाकीच्यांच्या नाय." मी तिला वाटेल ते बोलले. मग केबिनमध्ये चढले, गाडी बंद केली आणि पुन्हा एकदा उतरून मागे बघून आले. मी घाबरले होते बाबा, खूप घाबरले होते.

तेव्हा मला ती दुपार आठवली. मी तिसरीत आहे. तुझा डबा देऊन झालाय, तू म्हणालायस सरळ घरी जा, पण रस्ता तापलाय म्हणून मी तुझ्याच डंपरच्या मागच्या चाकाला टेकून आडवी झालेय. तू उतरून मागे येतोस आणि मला बघतोस. "कवाधरनं हायस इथं?" मी म्हणते, "आत्ताच आले." तू एक सणसणीत ठेवून देतोस, सगळ्यांसमोर, आणि मग तिथेच खडीवर मटकन बसतोस. त्या दिवसापासून खदाणीवर डबा आई घेऊन जायला लागली. तू मला तिकडे पुन्हा फिरकू दिलं नाहीस, आणि मी त्या चापटीचा राग कितीतरी दिवस धरून ठेवला.

बाबा, मी आत्ताच आले नव्हते. तू जेवत होतास तेव्हापासून तिथेच होते, आणि जागी होते. तू गाडी चालू केलीस ते मला ऐकू आलं, पाठीला टेकलेलं चाक थरथरलेलंही कळलं. मी हलले नाही. तू उतरणार हे मला माहीत होतं. हे तेव्हा सांगितलं असतं तर तू आणखी एक ठेवून दिली असतीस, म्हणून सांगितलं नाही. आता सांगतेय, पण तेही कागदावरच.