अक्का, उद्या मी खोटं बोलणार आहे

प्रिय अक्का,

उद्या सकाळी तालमीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा आहे. तुझा पोरगा मल्लू घरी येऊन सांगून गेला, "वैनी, तुमीबी दोन शब्द बोला." मी हो म्हटलं. आईच्या विरोधात इलेक्शनला उभी राहिलेली बाई चांगलं बोलली की सभेला वजन येतं, असं त्याला वाटत असणार. पण मी तिथं तुझ्या नावावर एक खोटी गोष्ट सांगणार आहे. तुला न सांगता नको, म्हणून हे पत्र. म्हशींच्या धारा झाल्या, ह्यांचं जेवण झालं. आता तासभर मला कुणी हाक मारणार नाही.

तू गेलीस तेव्हा मी रडले का? फारसं नाही. तुझ्या-माझ्यात तसलं काही नव्हतंच.

पहिल्यांदा आमच्या दारात आलीस ती रिकामी घागर घेऊन. नवऱ्यामागं विजापूरकडनं आलेली तू, नवरा फौंड्रीत, आणि कळंब्याच्या वाटेला पत्र्याच्या खोल्यांची तुमची वसाहत. तिथं नळ नव्हता, आमच्या दारात होता. मी म्हटलं, "ओ पावणं, आदी आमचं भरू दे की." तर म्हणालीस, "पानी काय तुमच्या बाच्या घरचं हाय?" मराठी धड येत नव्हती, पण एवढं वाक्य कुठनं तरी पक्कं शिकून आली होतीस!

मग नव्वदच्या दशकात वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. तालमीनं मला उभं केलं. तालीम ह्यांची, प्रचार ह्यांचा, पोस्टरवर फोटो तेवढा माझा. आणि समोर कोण? तू! नळासाठी वसाहतीनं तुला उभं केलं होतं. आमची पोरं कट्ट्यावर दूध पिता पिता म्हणायची, "भायेरची बाई आता आमास्नी राज्य शिकिवनार व्हय?"

पण तुला पाडलं ते पोरांनी नव्हे, तुझ्या खिरीनं. मतदानाच्या आधी तू तालमीच्या पोरांना जेवायला बोलावलंस. कोल्हापुरात इलेक्शनचं जेवण म्हणजे काय, हे तुला वसाहतीत कुणीच सांगितलं नव्हतं का गं? तुम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तू आपली मोठ्या मायेनं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गव्हाची खीर, तुमची ती हुग्गी, केलीस. पोरं पानावर बसली आणि इकडंतिकडं बघायला लागली. "अक्का, रस्सा कुटं हाय?" तू म्हणालीस, "ह्येच हाय. पोटभर खावा." त्यावर तो गल्लीतला दांडगा दत्ता ओरडला, "आरं, ह्ये इलेक्शन हाय का बारसं?" पोरं तिथनं उठली ती थेट आमच्या अंगणात, मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर तुटून पडायला. खीर मात्र चाटून पुसून खाऊन आली होती, नालायक कुठली!

मी निवडून आले. ह्यांनी बोट ठेवलं तिथं सही करत राहिले. वसाहतीचा नळ कागदावर यायचा आणि कागदावरच आटायचा. मग तू वसाहतीतल्या बायका गोळा करून माझ्याच दारात मोर्चा आणलास. रिकाम्या घागरी बडवत, "नगरसेविका भायेर या!" तुझा घसा बसला तेव्हा चहा मीच आणून दिला. बशीत ओतून फुर्र फुर्र प्यालीस, पदरानं तोंड पुसलंस आणि परत ओरडायला लागलीस. तेव्हा राग आला होता. आता हसू येतं.

पुढच्या खेपेला वॉर्ड परत बायकांचाच निघाला, आणि तू शहाणी झाली होतीस. मल्लूच्या हातनं तालमीत दोन बकरी पाठवलीस आणि निरोप दिलास, "शिजवा तुमच्या चुलीवर. माझ्या दारात न्हाई." पंगतीला मात्र स्वतः उभी राहिलीस, नाकाला पदर लावून, "त्याला वाढा, ह्याला रस्सा कमी पडलाय" करत. दत्ता म्हणाला, "आता झाली बगा अक्का कोल्लापूरची!" मी पडले. वर्षभरात वसाहतीत पाईप आली. ते काम तू केलंस, आणि झकास केलंस. त्याच्या पुढच्या खेपेला वॉर्ड खुला झाला, तर गडी उभे असताना सगळ्यांना पाडून परत आलीस.

इथपर्यंतचं उद्या सगळेच सांगतील. पुढचं कोण सांगणार?

वसाहतीच्या मागं, ओढ्याकडेला, बिहारकडनं आलेली फौंड्रीतली माणसं बायकापोरं घेऊन राहायला आली. तसल्याच पत्र्याच्या खोल्या. त्यांच्या बायका तुझ्या दारात घागरी घेऊन आल्या, आणि तुझ्या वसाहतीतल्या बायकांनी त्यांना हाकललं. तू ओसरीवर बसली होतीस ना? एक शब्द बोलली नाहीस! त्या बायका आता ओढ्याचं पाणी भरतात. तेच त्यांची पोरं पितात. गेल्या पावसाळ्यात दोन लेकरं उलट्या-जुलाबानं दवाखान्यात पडली होती, हे तुला माहीत होतं.

मी तुला भेटायला दवाखान्यात आले ती त्यासाठीच. हाताला सलाईन होतं, पण ताठा तोच. मी म्हटलं, "अक्का, त्यास्नी एक नळ दे की. तुज्या एका शब्दाचं काम हाय."

तू मान फिरवलीस. "ब्याड वैनी, नको त्ये. भायेरची माणसं हायती ती. माझी माणसं मला पाडतील."

भायेरची! हा शब्द तुझ्या तोंडात कसा गं आला? मला तुझा संताप आला, अक्का. आणि वाईटही वाटलं, कारण तुझं खरं होतं. त्यांनी तुला पाडलंच असतं.

आता तुझ्या जागेवर पोटनिवडणूक लागणार. मल्लू उभा राहणार. तोही तेच म्हणणार, माझी माणसं मला पाडतील. म्हणून उद्या सगळी वसाहत समोर बसलेली असताना मी माईक हातात घेणार आणि सांगणार, "अक्कानं दवाखान्यात माझा हात धरला आणि म्हणाली, वैनी, ओढ्याकडच्या बायकांना नळ द्या. हीच माझी शेवटची इच्छा." जितीजागती असताना तुझा शब्द त्यांनी मोडला असता. मेलेल्या माणसाचा शब्द मोडायची आपल्याकडं कुणाची छाती होत नाही.

मल्लूला खरं ठाऊक आहे. तो तेव्हा तुझ्या उशाशीच होता. तो उठून "खोटं हाय" म्हणाला तर? म्हणू दे की! भरल्या सभेत त्याला सांगावं लागेल, की माझ्या आईनं तहानलेल्या बायकांना नाही म्हटलं. आहे त्याची हिंमत? तुझा पोरगा आहे तो. खाली मान घालून बसेल आणि निवडून आला की नळ देईल.

अक्का, तुला शब्द देते. ओढ्याकडं पाणी येईपर्यंत मी हे दारोदार सांगत फिरेन, प्रत्येक वेळी छातीवर हात ठेवून. पाणी आलं की उद्घाटनाच्या पाटीवर तुझं नाव लावायला लावेन, माझं नको. त्या बायका तुला हात जोडतील. त्यांना खरं मी मरेपर्यंत सांगणार नाही.

हरकत असली तर सकाळच्या आत कळव.

तू पाडलेली,
सुमन वैनी